स्वभावाचे माप

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील शिक्षकांशी बोलताना एक शब्द आमच्या कानी वारंवार पडतो : ‘अबोल’. वाडीवरून शाळेत येणाऱ्या ठाकर किंवा कातकरी मुलाची ओळख पुष्कळदा या एकाच शब्दात संपते. तेच मूल ओढ्यावर खेकडे धरताना मात्र सवंगड्यांना हुकूम सोडत असते. मग त्याचा खरा स्वभाव कोणता?

मानसशास्त्रज्ञांनीही स्वभावाचे मापन शब्दांपासूनच सुरू केले. १८८४ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी इंग्रजी शब्दसंग्रह चाळून स्वभावदर्शक शब्द किमान १,००० असावेत असा अंदाज केला. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी मोठा कोश पिंजून असे सुमारे १८,००० शब्द वेचले. एकमेकांबरोबर आढळणाऱ्या गुणांचे पुढे सांख्यिकीने गट पाडण्यात आले. त्यांतून बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नावीन्याची ओढ असे पाच घटक पुढे आले.

दुसरी पद्धत प्रश्नावलीची. पहिल्या महायुद्धाच्या काळात वुडवर्थ यांनी सैनिकांसाठी ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी उत्तरे द्यायची प्रश्नावली रचली. तिसऱ्या पद्धतीत थेट प्रश्नच नसतात. रोर्शाक यांनी १९२१ मध्ये शाईचे डाग दाखवून ‘यात काय दिसते?’ असे विचारले. या पद्धतीच्या निष्कर्षांवर आजही बराच वाद आहे.

शिक्षकांच्या सर्वांत उपयोगाचा प्रयोग चौथ्या पद्धतीचा, म्हणजे प्रत्यक्ष वर्तन पाहण्याचा आहे. अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे यांनी सुमारे ११,००० मुलांचा प्रामाणिकपणा तपासला. त्यांचे निष्कर्ष १९२८ पासून प्रसिद्ध झाले. मुलांना स्वतःचीच उत्तरपत्रिका तपासायला दिली जाई. मूळ उत्तरांची नोंद मात्र आधीच करून ठेवलेली असे. खेळात आणि पैशांच्या व्यवहारातही अशीच परीक्षा घेतली. वर्गात लबाडी करणारे मूल खेळातही लबाडी करीलच, असे दिसले नाही. निरनिराळ्या कसोट्यांमधील सहसंबंध अगदी क्षीण निघाला.

मग स्वभाव ही कल्पनाच खोटी का? तसे नाही. अनेक कसोट्यांचे गुण एकत्र केले, की व्यक्तीव्यक्तींमधला फरक पुष्कळच स्थिर दिसतो. एका सरीवरून पावसाळ्याचा अंदाज बांधता येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आणखी एक अडचण प्रमाणीकरणाची. चाचणी ज्या समूहावर बेतलेली असते, त्याच्याबाहेर तिचे गुण दिशाभूल करू शकतात. म्हणूनच वि. वि. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बेतली. व्यक्तिमत्त्वाच्या चाचणीत तर हे भान अधिकच हवे. वर्षातील काही महिने आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर काढणारे मूल ‘तू शाळेत नियमित जातोस का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणेल. ते उत्तर खरे असेल. पण गुण मात्र त्याच्या कर्तव्यदक्षतेतून वजा होतील! शिवाय आपल्या ‘भिडस्त’ या शब्दाला इंग्रजी प्रश्नावलीत नेमका जोड तरी कोठे मिळतो?

म्हणून आमची शिक्षकांना एक सूचना आहे. प्रगतिपुस्तकात ‘अबोल’ लिहिण्यापूर्वी महिनाभर वही ठेवावी. मूल वर्गात, मैदानावर, जेवणाच्या पंगतीत आणि स्वतःच्या बोलीत कसे वागते, याची तारीखवार नोंद करावी. महिनाअखेरीस कदाचित एवढेच लिहावे लागेल : ‘प्रमाण मराठीत अजून संकोचतो.’ त्यावर उपाय करणे मात्र आपल्या हाती आहे.