प्रवासी गेले, धावपट्टी राहिली

२४ मे २००८ रोजी देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाला आणि बंगळूरच्या एचएएल विमानतळावरील नियमित प्रवासी वाहतूक थांबली. मात्र ही धावपट्टी मुळात प्रवाशांसाठी नव्हतीच. १९४० मध्ये वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने उभारलेल्या विमान कारखान्याची ती. महायुद्धात येथे अमेरिकी लष्करी विमानांची दुरुस्ती होई. त्याच काळात भारतीय विज्ञान संस्थेतील होमी भाभांनी अमेरिकी विमानांतून सुमारे ९ किलोमीटर उंचीवर उपकरणे नेऊन वैश्विक किरणांचे मापन केले. पुढे विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली घडलेले एचटी-२ १९५१ मध्ये, तर तेजस ४ जानेवारी २००१ रोजी येथूनच प्रथम झेपावले. नव्या विमानाच्या चाचणीला कारखान्यालगतची धावपट्टी लागते. म्हणूनच वाढत्या शहराने वेढूनही ती टिकून आहे.