पाना, पकड आणि स्कॅनर : खळ्यातल्या गाडीदुरुस्तीचा इतिहास

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून धावेनाशी झाली. शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे, एवढा साधा तो हिशेब. वृत्तपत्रांनी तिच्या देखणेपणावर आणि सिनेमातल्या वावरावर भरभरून लिहिले. तिच्याबरोबर दुरुस्तीची एक संपूर्ण पद्धत मावळली, त्याविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. ती पद्धत मुंबईइतकीच मालवण, वेंगुर्ले, देवगडच्या किनाऱ्यावरही नांदली होती. तिच्या जागी जे आले, त्याने घरच्या घरी गाडी दुरुस्त करू पाहणाऱ्या माणसाला पुरते हैराण केले आहे. त्याचाच हा धागा.

सिंधुदुर्गात मोटार येण्याचा एक ठरलेला मार्ग आहे. मुंबईत नोकरी करणारा चाकरमानी नवी गाडी घेतो, दहा-बारा वर्षे वापरतो आणि मग ती गावाकडे येते. कधी निवृत्त मालकाबरोबर, कधी धाकट्या भावाकडे, कधी पुतण्याकडे. म्हणून किनाऱ्यावरच्या वाड्यांतून एमएच ०७ च्या शेजारी एमएच ०१ पासून ०४ पर्यंतच्या जुन्या पाट्या हमखास दिसतात. गावात येते तेव्हा गाडी दुरुस्तीच्या वयाला पोहोचलेली असते. मे महिना आणि चतुर्थी सोडली तर ती मांगरात किंवा फणसाखाली उभी असते. कंपनीचे अधिकृत सेवाकेंद्र गाठायचे तर कुडाळ-कणकवली, नाहीतर पत्रादेवी ओलांडून गोवा किंवा घाट चढून कोल्हापूर. अशा ठिकाणी खळ्यातच गाडी उघडून बसणे हा छंदाचा भाग कमी आणि गरजेचा अधिक होता.

हे शक्य झाले त्याचे मूळ एका आर्थिक धोरणात आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला मोटारजोडणीचा कारखाना काढला होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवले, की जे सुटे भाग इथे बनवतील त्यांनीच इथे गाड्या विकाव्यात. नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. जनरल मोटर्सही त्यांत होती. मागे उरल्या मोजक्या देशी कंपन्या, परवाना पद्धती आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. फियाट ११०० चे १९६४ चे रूप १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ या नावाने विकले जाऊ लागले आणि किरकोळ फेरफार सोडता २००० च्या सुमारापर्यंत तेच बनत राहिले.

ग्राहकाच्या दृष्टीने ही कुचंबणाच होती. पण तिचा एक अनपेक्षित परिणाम झाला : एकाच गाडीविषयीचे ज्ञान साडेतीन दशके साचत गेले. थोरल्या भावाने पाहिलेला बिघाड धाकट्याला तोंडपाठ असे. सत्तरच्या दशकातील गाडीचे कितीतरी भाग नव्वदच्या दशकातील गाडीला बसत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या भागांचा मोठा बाजार होता, आणि चतुर्थीला एसटीने गावी येणाऱ्या माणसाच्या पिशवीत वॉटर पंप किंवा फॅन बेल्ट असणे नवलाचे नव्हते. गिरणीत फिटर म्हणून हात घासलेली माणसे वाडीत होती. यंत्र त्यांना परके नव्हते.

पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचा बिघाड डोळ्यांना दिसत असे आणि कानांना ऐकू येत असे. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू झाली नाही, तर डिस्ट्रिब्युटरचे टोपण काढून आतली ओल कोरड्या फडक्याने पुसायची. ठिणगी मंद असेल तर पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे आणि त्यांच्यातली जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची फट अंदाजाने लावायची. फीलर गेज नसले तर जाड पुठ्ठ्याचा तुकडा चाले. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला तर जेट काढून तोंडाने फुंकायचे. फोंडा घाटात उन्हाने पेट्रोलची वाफ होऊन पंप रुसला, तर त्यावर ओले फडके टाकून दहा मिनिटे झाडाखाली बसायचे. या सगळ्याला पाना, पकड, स्क्रू ड्रायव्हर आणि थोडा संयम एवढे भांडवल पुरे.

अर्थात या आठवणींना सोन्याचा मुलामा देण्यात अर्थ नाही. पद्मिनीची दुरुस्ती घरी होत असे, कारण ती घरी करावीच लागेल इतक्या वेळा ती बिघडत असे. पॉइंट, प्लग, ग्रीसिंग, इंजिनात साचलेला कार्बन काढणे यांचा फेरा सतत चालू असे. आंबोली उतरताना ड्रम ब्रेक तापून सैल पडत. चढणीला रेडिएटर उकळे. आणि तिच्या धुराचा हिशेब तर कोणी ठेवलाच नव्हता. शिवाय खाऱ्या वाऱ्याने तिचा पत्रा खाल्ला जाई : आधी दाराचा खालचा काठ, मग पायाखालची फरशी. इंजिन धडधाकट असताना सांगाडा गेल्यामुळे भंगारात गेलेल्या पद्मिनी किनाऱ्याने भरपूर पाहिल्या.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली चावी दिल्लीत ग्राहकाच्या हाती पडली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, पुढच्या चाकांना गती देणारी रचना, सगळेच नवे. जुने मिस्त्री आधी बिचकले, पण तिचा कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर ओळखीचेच निघाले. दोन-तीन वर्षांत गावोगावच्या हातांनी तीही आत्मसात केली. नवे तंत्रज्ञान आले म्हणून गावातला मिस्त्री संपला, असे जे सरसकट म्हटले जाते, त्याला हा इतिहास दुजोरा देत नाही.

खरा बदल हवेच्या प्रश्नातून आला. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात युरो मानकांचा आग्रह धरला, पुढे भारत स्टेज मानके लागू होत गेली, आणि कार्ब्युरेटरच्या जागी संगणकाने मोजून पेट्रोल फवारणारी एमपीएफआय यंत्रणा आली. २००० च्या सुमारास मारुती ८०० लाही ती मिळाली. १ एप्रिल २०१० पासून भारत स्टेज चार मानक पहिल्या तेरा शहरांत लागू झाले. त्यांत मुंबई आणि पुणे होती, सिंधुदुर्ग नव्हता. देशभर ते लागू व्हायला एप्रिल २०१७ उजाडले. याच मानकाबरोबर गाडीने स्वतःचे दोष स्वतः ओळखून नोंदवण्याची, म्हणजे ओबीडीची सक्ती आली. कॅलिफोर्नियात १९८८ च्या गाड्यांपासून सुरू झालेली ही कल्पना किनाऱ्यावरच्या वाडीत पोहोचली ती मुख्यत्वे मुंबईच्या पाटीच्या गाडीतून. जिल्ह्यात विकल्या जाणाऱ्या गाड्यांना ज्याची अजून सक्ती नव्हती, ते यंत्र चाकरमान्याच्या गाडीबरोबर आधीच दारात येऊन उभे राहिले.

आता खाऱ्या हवेकडे पुन्हा वळायला हवे, कारण तिने आपले लक्ष्य बदलले आहे. नव्या गाड्यांचा पत्रा जस्ताच्या थराने आणि चांगल्या रंगाने बऱ्यापैकी राखला जातो. म्हातारपण येते ते वायरींच्या जाळ्यात. संवेदकाची म्हणजे सेन्सरची भाषा फार हलक्या आवाजाची असते. धुरातला प्राणवायू मोजणारा सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये बोलतो; थ्रॉटलचा सेन्सर साधारण अर्ध्या ते साडेचार व्होल्टमध्ये. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते, जोडणीच्या तांब्यावर हिरवट थर चढतो आणि त्या थराचा अडथळा या कुजबुजीत भेसळ करतो. पद्मिनीत बॉडीचा अर्थ गंजला तर दिवा मंद होई. नव्या गाडीत तोच गंज संगणकाला खोटी साक्ष देतो.

त्यात उभ्या गाडीचे दुखणे वेगळे. संगणक, घड्याळ, चोरघंटा बंद गाडीतही थोडीथोडी वीज पीत राहतात. पावसाळ्याचे दोन महिने गाडी हलली नाही की बॅटरी ढासळते, आणि कमी व्होल्टेजवर इंजिन फिरवले की निरनिराळ्या विभागांचे दोष एकदम नोंदले जातात. मांगरातले उंदीर वायरी कुरतडतात ते निराळेच.

मग चतुर्थीच्या आदल्या दिवशी डॅशबोर्डवर पिवळा इंजिनाचा दिवा लागतो. हजार-पाचशे रुपयांत मिळणारे ईएलएम ३२७ जातीचे ब्लूटूथ यंत्र ओबीडीच्या सोळा पिनांच्या खोबणीत लावले, की मोबाइलवर पी ०१३० असा संकेत येतो. त्याचा अर्थ : पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. सर्किट म्हणजे सेन्सर, वायर, जोडणी, अर्थ यांतले काहीही. घाईत मात्र ‘सर्किट’ गळते आणि ‘सेन्सर’ तेवढा वाचला जातो. नवा सेन्सर मागवला जातो, कुरिअर घाट उतरून येईपर्यंत विसर्जन होते, सेन्सर बसतो, दिवा विझतो आणि चौथ्या दिवशी पुन्हा लागतो. दोष हिरवट पडलेल्या पिनेत तसाच असतो. ती पीन शोधायला वायरिंगचा नकाशा लागतो, आणि इथे गोष्ट तंत्राकडून मालकीकडे वळते.

तो नकाशा सहजासहजी मिळत नसे. स्वस्त यंत्र इंजिनाचे सर्वसाधारण संकेत वाचते; एअरबॅग, एबीएस, दारांचे कुलूप यांचे विभाग बहुधा कंपनीच्याच यंत्राशी बोलतात. इमोबिलायझर हा त्यातला कळस. चावीतली चिप आणि इंजिनाचा संगणक एकमेकांना ओळखतात, तेव्हाच गाडी सुरू होते. चोरीविरुद्ध हा उपाय उत्तमच. पण भंगारातल्या गाडीचा धडका संगणक आणून बसवायचा, म्हणजे कुर्ल्याच्या बाजाराची सारी जुनी रीत, ती यामुळे बंद पडली. भाग तोच, क्रमांक तोच, तरी गाडी त्याला आपला मानत नाही. त्यासाठी कंपनीच्या यंत्रावर जुळणी करून घ्यावी लागते. भाग विकत घेता येतो, तो वापरण्याची परवानगी वेगळी मागावी लागते, ही स्थिती गाडीदुरुस्तीच्या इतिहासात पूर्वी कधी नव्हती.

या कुलपाची भारतात अधिकृत दखल घेतली गेली ती २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे केलेल्या तक्रारीमुळे. तक्रार तीन कंपन्यांविरुद्ध होती; चौकशीचा परीघ वाढत १७ उत्पादकांपर्यंत गेला. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आयोगाचे म्हणणे असे, की गाडी एकदा घेतली की तिच्या सुट्या भागांच्या बाबतीत ग्राहक त्या एका कंपनीच्या बाजारात अडकतो. तिथे ती कंपनीच सर्वसत्ताधीश असते. खुल्या बाजारात भाग न देणे, स्वतंत्र गॅरेजना तपासणीची यंत्रे आणि तांत्रिक पुस्तिका न देणे, हा त्या सत्तेचा गैरवापर ठरवला गेला. दंडाच्या रकमेवरून न्यायालयीन लढाया पुढे वर्षानुवर्षे चालल्या. चौकशीच्या त्या १७ नावांत एक नाव कुर्ल्याच्या जुन्या प्रीमियरचेही होते, हा इतिहासाचा खवचटपणा.

याच काळात, २०१२ मध्ये, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी प्रचंड बहुमताने असा कायदा मान्य केला, की उत्पादक आपल्या अधिकृत केंद्रांना जी दुरुस्तीची माहिती देतात, ती वाजवी किमतीत गाडीमालकाला आणि स्वतंत्र गॅरेजलाही द्यावी. भारतात २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी एक संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी त्याची चार क्षेत्रे. स्वतंत्र कायदा मात्र झालेला नाही.

दरम्यान, दुसऱ्या दिशेनेही दोरी आवळली गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या भंगार धोरणाची सुरुवात झाली आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. धूर कमी व्हावा हा हेतू रास्तच. पण ओबीडीच्या काळातली गाडी पद्मिनीपेक्षा कितीतरी कमी धूर सोडते आणि तिचे इंजिन नीट राखले तर आणखी दहा वर्षे सहज चालते. तिला भंगाराकडे ढकलतो तो एखादा न जुळणारा संगणक किंवा न सापडणारी पीन. जी यंत्रणा हवा स्वच्छ ठेवण्यासाठी बसवली, तिच्याच कुलपामुळे चालती गाडी मोडीत निघावी आणि तिच्या जागी सारे पोलाद नव्याने वितळवावे, यात पर्यावरणाचा लाभ किती, हे कोणीतरी मोजायला हवे.

किनाऱ्यावरच्या माणसांनी आपल्या परीने वाट काढली आहे. मच्छीमार समुद्रावरून आल्यावर आउटबोर्ड इंजिन गोड्या पाण्याने धुतात. तीच शिस्त आता गाडीच्या तळाला लावली जाते. पावसाळ्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवायचे, अर्थच्या जोडण्या उघडून घासायच्या, कनेक्टर स्प्रेने आणि जुन्या टूथब्रशने साफ करायचे, आणि कोणताही सेन्सर मागवण्यापूर्वी मल्टिमीटरने वायर तपासायची. पॉइंट घासणाऱ्या पिढीला हे सगळे ओळखीचेच वाटेल.

२०१० साली मुंबईत नोंदलेल्या भारत स्टेज चारच्या पहिल्या गाड्यांना २०२५ पासून पंधरा वर्षे पूर्ण होऊ लागली आहेत. नूतनीकरणासाठी त्यांतल्या काही आता ओरोसच्या परिवहन कार्यालयासमोरच्या रांगेत दिसतात. त्यांचे वायरिंगचे नकाशे अजूनही कंपन्यांकडेच आहेत.