ॲसाटीग स्टेट पार्क

ॲसाटीग स्टेट पार्क हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मेरीलँड राज्याच्या वूस्टर काउंटीत, ॲसाटीग या वाळूच्या बेटावर असलेले राज्य उद्यान आहे. मेरीलँडच्या राज्य उद्यानांपैकी थेट अटलांटिक महासागराला लागून असलेले हे एकमेव उद्यान होय. सुमारे दोन मैल लांबीचा सागरकिनारा, वाळूच्या टेकड्यांमागील तंबूंची तळे आणि मोकळे फिरणारे घोडे यांसाठी ते प्रसिद्ध आहे. वॉशिंग्टन व बाल्टिमोर या शहरांतून मोटारीने साधारणपणे तीन तासांत येथे पोहोचता येत असल्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाबाळांसह तंबूत मुक्काम करण्यासाठी अनेक कुटुंबे येथे येतात. ज्या बेटावर एकेकाळी पक्क्या घरांचे नगर वसवण्याचा बेत होता, तेथे आज केवळ तात्पुरता मुक्काम करता येतो. हा बदल कसा घडला, हे या उद्यानाच्या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

भूरचना

ॲसाटीग हे रोधक बेट आहे. मुख्य भूमीला समांतर पसरलेल्या आणि महासागराच्या लाटांचा पहिला मारा झेलणाऱ्या वाळूच्या लांब, चिंचोळ्या पट्ट्याला रोधक बेट म्हणतात. बेटाची लांबी सुमारे ३७ मैल (६० किलोमीटर) असून त्याचा उत्तर भाग मेरीलँडमध्ये, तर दक्षिण भाग व्हर्जिनिया राज्यात येतो. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये उत्तरेस सिनेपक्सेंट आणि दक्षिणेस शिंकटीग हे उथळ उपसागर आहेत. बेटाला हे नाव या परिसरातील ॲसाटीग या मूळ रहिवासी जमातीवरून मिळाले.

सागराकडून उपसागराकडे चालत गेल्यास अर्ध्या तासाच्या आतच भूमीची अनेक रूपे दिसतात. प्रथम मोकळी पुळण, तिच्यामागे गवताने बांधून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या, त्यांच्या आडोशाला झुडपांचा पट्टा, काही ठिकाणी पाइन वृक्षांची राई आणि शेवटी भरतीच्या पाण्याने भिजणारे खाजण, असा हा क्रम आहे. टेकड्यांवरील गवताची मुळे व आडवी खोडे वाळू धरून ठेवतात. वरून वाळू पडली तरी हे गवत पुन्हा वर वाढते आणि टेकडीही त्याच्याबरोबर उंच होत जाते. मात्र माणसाच्या पायाखाली ते लवकर मरते. त्यामुळे टेकड्यांवर चढण्यास मनाई असून किनाऱ्यावर जाण्यासाठी ठरावीक वाटाच वापराव्या लागतात.

बेट एका जागी स्थिर नाही. मोठ्या वादळात लाटा टेकड्या ओलांडतात आणि सागराकडील वाळू बेटाच्या मागील बाजूस, खाजणात नेऊन टाकतात. समोरची बाजू झिजते, मागची भरते, आणि संपूर्ण बेट हळूहळू पश्चिमेकडे, म्हणजे मुख्य भूमीच्या दिशेने सरकते. रोधक बेटाचे अस्तित्व टिकते ते याच सरकण्यामुळे. त्यावर बांधलेली घरे व रस्ते मात्र याच कारणाने टिकत नाहीत.

इतिहास

१९३३ पूर्वी ॲसाटीग हे उत्तरेकडील फेनविक बेटाशी जोडलेले होते. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यातील वादळाने ओशन सिटी या गावाच्या दक्षिणेस वाळूचा पट्टा फोडला आणि सागर व उपसागर यांना जोडणारे नवे मुख तयार झाले. मच्छीमार नौकांना त्याचा उपयोग होत असल्याने ते खुले राहावे म्हणून दोन्ही बाजूंना दगडी बांध घालण्यात आले. या किनाऱ्यावर वाळू लाटांबरोबर उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत असते. बांधांमुळे ती वाट अडली. वाळू ओशन सिटीच्या बाजूस साचू लागली आणि ॲसाटीगच्या उत्तर टोकास तिचा तुटवडा पडला. परिणामी ते टोक उरलेल्या बेटापेक्षा कितीतरी अधिक वेगाने पश्चिमेकडे सरकले. आज नकाशावर पाहिल्यास पूर्वी एका रेषेत असलेले हे दोन किनारे एकमेकांपासून शेकडो मीटर सरकलेले दिसतात.

१९५०च्या दशकात खासगी विकासकांनी बेटाच्या मेरीलँडमधील भागात मोठे सागरकिनारी नगर आखले. हजारो भूखंड पाडून विकण्यात आले. बाल्टिमोर बुलेव्हार्ड नावाचा डांबरी रस्ता तयार झाला आणि काही मोजकी घरेही उभी राहिली. मार्च १९६२ मध्ये ‘ॲश वेन्सडे’ या नावाने ओळखले जाणारे वादळ किनाऱ्यावर रेंगाळले. लागोपाठच्या पाच भरत्यांत सागराचे पाणी बेटावरून वाहिले. बहुतेक घरे आणि रस्त्याचा बराच भाग नष्ट झाला. या बेटावर कायमची वस्ती करणे धोक्याचे व खर्चाचे आहे, ही गोष्ट या वादळाने सर्वांना दाखवून दिली. भूखंड घेतलेल्या अनेकांचे सुट्टीतील घराचे स्वप्न मात्र त्याबरोबरच संपले.

२१ सप्टेंबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ॲसाटीग आयलंड नॅशनल सीशोर या राष्ट्रीय किनाऱ्याच्या स्थापनेच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. मूळ कायद्यात बेटाच्या लांबीने जाणारा रस्ता आणि पर्यटनासाठी बांधकामे यांची तरतूद होती. १९७६ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ती वगळण्यात आली. आज बेटाचे व्यवस्थापन तीन यंत्रणांकडे आहे. स्टेट पार्क मेरीलँड राज्याकडे, राष्ट्रीय किनारा संघराज्याच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे, तर व्हर्जिनियातील शिंकटीग वन्यजीव आश्रयस्थान मत्स्य व वन्यजीव सेवेकडे आहे. बाल्टिमोर बुलेव्हार्डच्या डांबराचे फुटके तुकडे राष्ट्रीय किनाऱ्यातील एका पायवाटेवर, वाळूत अर्धवट गाडलेल्या अवस्थेत, आजही पाहावयास मिळतात.

तंबूतील मुक्काम

स्टेट पार्कमध्ये मुक्कामाच्या सुमारे ३५० जागा आहेत. त्या पहिल्या टेकड्यांच्या मागे, वळणाकार रस्त्यांच्या कडेने आखलेल्या असून तेथून किनारा पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहे. प्रत्येक जागेवर मेज व बाक आणि शेकोटीसाठी लोखंडी कडे असते. सामाईक स्नानगृहांत गरम पाण्याची सोय आहे. लहान मुले व वृद्ध माणसे बरोबर असलेली कुटुंबे मुख्यतः याच सोयीमुळे शेजारच्या राष्ट्रीय किनाऱ्यावरील साध्या तळांपेक्षा स्टेट पार्कला पसंती देतात. तळ साधारणपणे वसंताच्या उत्तरार्धापासून शरद ऋतूपर्यंत खुले असतात. उन्हाळ्यातील शनिवार-रविवारच्या जागा कित्येक महिने आधीच आरक्षित होतात.

वाळूवरील मुक्कामाची तयारी जंगलातील किंवा डोंगरातील मुक्कामापेक्षा वेगळी असते. तंबूबरोबर मिळणाऱ्या आखूड मेखा सैल वाळूत धरत नाहीत. त्यासाठी लांब व रुंद पात्यांच्या मेखा लागतात. त्या नसल्यास वाळूने भरलेल्या पिशव्या दोऱ्यांना बांधून खोल पुरतात. सागरावरून येणारा वारा दिवसरात्र वाहत असतो, म्हणून तंबूचे दार वाऱ्याच्या उलट दिशेस ठेवणे आणि उंच तंबूपेक्षा बुटका तंबू निवडणे सोयीचे ठरते. जवळपास सावलीची झाडे नसल्याने दुपारी छत लागते. मात्र तेही घट्ट बांधले नाही, तर वाऱ्याने उडून जाते. बारीक वाळू अंथरुणापासून अन्नापर्यंत सर्वत्र पोहोचते. तंबूच्या दाराशी पाय धुण्यासाठी पाण्याची बादली ठेवणे हा त्यावरचा जुना व सोपा उपाय आहे.

वारा पडला की उपसागराकडील खाजणांतून डास आणि चावऱ्या माश्या येतात. मे ते ऑक्टोबर हा त्यांचा काळ. मुक्काम सुखाचा होणार की नाही, हे अनेकदा वाऱ्याच्या दिशेवर ठरते. शेकोटीसाठी दूरवरून लाकूड आणू नये, ते जवळपासच विकत घ्यावे, असा आग्रह धरला जातो, कारण अशा लाकडातून झाडे पोखरणारे कीटक नव्या प्रदेशात पसरतात.

मुलांसाठी दिवसाचा बराचसा वेळ किनाऱ्यावरच जातो. सागरात डुंबणे, लाटांवर स्वार होणे आणि वाळूत खेळणे हे सकाळचे उद्योग. उपसागराच्या उथळ व शांत पाण्यात छोट्या नावा वल्हवता येतात, निळे खेकडे पकडता येतात आणि चिखलातून शिंपले वेचता येतात. रात्री शहरांचे दिवे दूर राहिल्याने आकाश काळेभोर दिसते आणि विजेरीच्या झोतात वाळूच्या रंगाचे चपळ खेकडे बिळांकडे पळताना दिसतात.

घोडे

बेटावरील घोडे ठेंगणे व दणकट असून पाळीव घोड्यांचे रानटी झालेले वंशज आहेत. फुटलेल्या स्पॅनिश जहाजातून पोहत आलेल्या घोड्यांची ही संतती आहे, अशी आख्यायिका लोकप्रिय आहे. ‘ला गाल्गा’ हे स्पॅनिश जहाज १७५० मध्ये या बेटाजवळ खरोखरच फुटले होते. तथापि सतराव्या शतकात मुख्य भूमीवरील जमीनमालकांनी कुंपणाची सक्ती व जनावरांवरील कर टाळण्यासाठी आपली जनावरे बेटावर चरावयास सोडली आणि हे घोडे त्यांचे वंशज आहेत, हे मत अधिक मान्य आहे. खाजणातील खारट गवत हे त्यांचे मुख्य अन्न. त्यातील मिठामुळे त्यांना पाणी फार प्यावे लागते आणि त्यांची पोटे फुगलेली दिसतात.

राज्यसीमेवरील कुंपणामुळे घोड्यांचे दोन कळप झाले आहेत. व्हर्जिनियातील कळप शिंकटीग येथील स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मालकीचा आहे. दरवर्षी जुलैच्या अखेरीस हे घोडे पोहत शिंकटीग बेटावर नेले जातात आणि काही शिंगरांचा लिलाव होतो. मार्गरिट हेन्री यांच्या ‘मिस्टी ऑफ शिंकटीग’ (१९४७) या बालकादंबरीमुळे ही प्रथा सर्वदूर परिचित झाली. मेरीलँडमधील कळपाची देखभाल राष्ट्रीय उद्यान सेवा करते. त्याची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी १९९४ मध्ये घोड्यांना लांबून सुईने गर्भनिरोधक लस देण्यास सुरुवात झाली. चरण्याने टेकड्यांचे व खाजणाचे नुकसान होऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

मेरीलँडमधील घोडे तंबूंच्या तळावरून मोकळे फिरतात. दिसायला शांत असले तरी ते चावतात व लाथा मारतात. त्यांच्यापासून किमान ४० फूट, म्हणजे साधारण एका बसच्या लांबीइतके, अंतर राखण्याचा नियम आहे. त्यांना खाऊ घालणे किंवा हात लावणे हा दंडनीय अपराध आहे. खाद्यपदार्थ मोटारीत काचा बंद करून ठेवावे लागतात, कारण बर्फपेट्यांची झाकणे उघडण्यास काही घोडे शिकले आहेत. माणसाचे अन्न खाऊन त्यांना आजार होतात. अन्नाच्या ओढीने ते रस्त्यावर रेंगाळतात आणि मोटारींच्या धडकेत मरतात. २०२२ मध्ये ‘चिप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घोड्याला बेटावरून कायमचे हलवून टेक्सास राज्यातील प्राणी आश्रयस्थानात पाठवण्यात आले. माणसांजवळील अन्नाची चटक लागून तो आक्रमक झाला होता आणि त्याच्यामुळे पर्यटकांना इजा झाल्या होत्या. एखाद्या मुलाने प्रेमाने पुढे केलेल्या फळाच्या फोडीची किंमत शेवटी घोड्यालाच मोजावी लागते, हे समजावण्यासाठी आता त्याचे उदाहरण दिले जाते.

इतर जीवसृष्टी

बेटावर पांढऱ्या शेपटीची हरणे, कोल्हे आणि १९२०च्या दशकात बाहेरून आणून सोडलेली सिका हरणे आढळतात. पायपिंग प्लोव्हर हा चिमणीपेक्षा थोडा मोठा, वाळूच्याच रंगाचा पक्षी मोकळ्या पुळणीवर उघडी अंडी घालतो. १९८६ पासून तो संघराज्याच्या संरक्षित प्रजातींच्या यादीत आहे. त्याच्या विणीच्या काळात किनाऱ्याचे काही भाग पर्यटकांना बंद ठेवले जातात. वादळाने सपाट केलेली, गवत नसलेली वाळू या पक्ष्याला मानवते. त्यामुळे जे वादळ घरांना मारक ठरते, तेच या पक्ष्याच्या विणीस जागा करून देते.

सुरक्षितता

अटलांटिकच्या या किनाऱ्यावर पोहणाऱ्याला आत खेचणारे प्रवाह निर्माण होतात. अशा प्रवाहात सापडल्यास थेट किनाऱ्याकडे झुंजत न येता प्रथम किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे, असे शिकवले जाते. मोसमात जीवरक्षक असलेल्या भागातच मुलांना पाण्यात उतरू द्यावे. विजा कडाडत असताना तंबू सुरक्षित नसतो. अशा वेळी मोटारीत आश्रय घ्यावा. झुडपांत गोचिडी असल्याने पायवाटेवरून परतल्यावर अंग तपासावे. चक्रीवादळाची शक्यता असल्यास तळ रिकामे केले जातात.

सद्यस्थिती

बांधांमुळे थांबलेल्या वाळूची भरपाई करण्यासाठी २००२ मध्ये बेटाच्या उत्तर भागात मोठ्या प्रमाणावर वाळू टाकण्यात आली. २००४ पासून मुखाजवळ साचलेली वाळू वर्षातून दोनदा जहाजाने उपसून ॲसाटीगच्या किनाऱ्यालगत सोडली जाते. निसर्ग जे काम पूर्वी विनासायास करीत असे, ते आता यंत्रांनी सतत करावे लागते. समुद्राची पातळी वाढत असल्याने बेटाचे सरकणे पुढेही चालू राहणार आहे. म्हणून राष्ट्रीय किनाऱ्यावरील काही वाहनतळ डांबराऐवजी शिंपल्यांची खडी व मातीचे केले आहेत. वादळानंतर ते उचलून मागे हलवता येतात. तंबूप्रमाणे तेही बेटाबरोबर जागा बदलू शकतात.