जमिनीवर पडलेला चिमटा

आमच्या बारामती-इंदापूर भागात कुणी दवाखान्यात दाखल झाले की अख्खा मोहल्ला अयादतीला जातो. आम्ही रुग्णाच्या कॉटवरच बसतो, जखमेची पट्टी हात लावून पाहतो. पुढे ताप चढला की आम्हीच म्हणतो, 'दवाखान्यात गेला आणि तिथलाच रोग घेऊन आला!' मग दुसरा आजारी दवाखान्याची पायरी चढायला घाबरतो. ही भीती जुनी आहे.

1896 साली मुंबईत प्लेग शिरला. डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक बिथरलेले होते. तेव्हा तरुण आगाखान तिसरे यांनी सर्वांसमक्ष लस घेतली. त्यांच्यामागे हजारो खोजा मुसलमानांनी घेतली. भरवसा असा कमावला गेला.

30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी 107 जणांना लस टोचली. पैकी एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. बाटली मुंबईत परळला भरलेली. चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांचे पद गेले. पण त्याच चौकशीच्या कागदांत एक नोंद होती: गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न धरता नुसता जंतुनाशकात बुडवून वापरला गेला. 1907 साली रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. 1925 साली परळच्या संस्थेला त्यांचेच नाव मिळाले.

व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी 1847 सालीच दाखवले होते की, डॉक्टरांनी हात धुतले तर बाळंतिणी वाचतात. तरी जागतिक आरोग्य संघटनेचा 2022 चा अहवाल सांगतो, रुग्णालयात दाखल झालेल्या दर 100 रुग्णांपैकी श्रीमंत देशांत 7 जणांना आणि आपल्यासारख्या देशांत 15 जणांना तिथेच नवा संसर्ग होतो. हात धुण्यासारख्या साध्या उपायांनी यातील 70 टक्क्यांपर्यंत संसर्ग टळू शकतो.

मुल्कोवालच्या दुर्घटनेमुळे लस टाकून दिली असती, तर प्लेगने आणखी किती घरे ओस पाडली असती! दोष लसीचा नव्हता, चिमट्याचा होता. दवाखान्याकडे पाठ फिरवणे हा उपाय नव्हे. डॉक्टरांना, नर्सना 'हात धुतले का?' असे अदबीने विचारणे आणि अयादतीला जाताना स्वतःचे हात धुणे, हा उपाय आहे.

2019 साली बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. उद्या आमच्या उर्दू शाळेतल्या मुलीही तिथे शिकतील. त्यांना आम्ही ही चिमट्याची गोष्ट आजच सांगून ठेवतो.