हाडांसाठी नुसतं कॅल्शियम पुरत नाही. मॅग्नेशियमही हवं, आणि ते नाचणी-कुळथात आहे

रत्नागिरी : गुडघे, कंबर दुखायला लागली की घरोघरी पहिली आठवण होते ती कॅल्शियमच्या गोळीची. पण हाडं मजबूत राहण्यासाठी मॅग्नेशियम हे खनिजही तितकंच लागतं. चांगली गोष्ट अशी की कोकणातल्या जुन्या जेवणात ते भरपूर आहे.

मॅग्नेशियम काय करतं?
मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांमध्येच साठलेलं असतं. उन्हातून मिळणारं ड जीवनसत्त्व आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलून कामाला लागतं. या बदलासाठी मॅग्नेशियम लागतं. ते कमी पडलं तर ड जीवनसत्त्व नीट काम करत नाही आणि खाल्लेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही.

रक्तात मात्र एकूण मॅग्नेशियमपैकी १ टक्क्याहूनही कमी असतं. त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी साठा कमी असू शकतो.

रोज किती लागतं?
राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषांना रोज ४४० आणि महिलांना ३७० मिलिग्रॅम मॅग्नेशियम हवं. पाळी गेल्यानंतर महिलांची हाडं झपाट्याने झिजतात, म्हणून पन्नाशीच्या आसपासच्या महिलांनी जास्त लक्ष द्यायला हवं. या वयानंतर घरात पाय घसरून पडण्याचं निमित्त होतं आणि खुब्याचं हाड मोडतं.

कशात किती? (१०० ग्रॅममध्ये, अंदाजे)
• नाचणी – १४५ मिलिग्रॅम (शिवाय कॅल्शियम साडेतीनशेच्या आसपास)
• कुळीथ – १५० मिलिग्रॅम
• काजूगर – पावणेतीनशे ते तीनशे मिलिग्रॅम
• कोंडा न काढलेला तांदूळ – ९० मिलिग्रॅम
• पांढरा पॉलिश तांदूळ – २० मिलिग्रॅम

म्हणजे तांदूळ जास्त पांढरा करताना त्यातलं बरंचसं मॅग्नेशियम कोंड्याबरोबर निघून जातं. गिरणीवर भात भरडताना पॉलिश कमी ठेवायला सांगितलं, तर फरक पडतो.

पूर्वी वरकस जमिनीतली नाचणी घरच्या भाकरीला असायची. आता दोन्ही वेळ पांढरा भात खाणारी घरं बरीच आहेत. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या, वाटीभर कुळथाची पिठी आणि आठ-दहा काजूगर एवढ्यावरच महिलेची निम्म्याहून जास्त गरज भागते. उरलेलं डाळ, माठ-पालकासारख्या पालेभाज्या आणि मासे यांतून मिळतं. नाचणी, कुळीथ भिजवून मोड आणले किंवा नाचणीची आंबील केली, तर त्यातली खनिजं शरीराला जास्त चांगली मिळतात.

कमतरता कुणाला होऊ शकते?
जुना मधुमेह असणारे, रोज दारू पिणारे, सतत जुलाब होणारे आणि महिनोन्महिने ॲसिडिटीची गोळी घेणारे यांच्यात मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. लघवी जास्त होण्याच्या काही गोळ्यांमुळेही तसं होतं. म्हणून चालू औषध मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं. पायात गोळे येणं, थकवा ही लक्षणं दिसू शकतात, पण त्याला दुसरी कारणंही असतात.

गोळी घ्यावी का?
मोबाईलवर आलेला मेसेज वाचून मॅग्नेशियमची गोळी सुरू करू नये. जास्त झाली तर जुलाब होतात. किडनीचा आजार असलेल्यांच्या शरीरातून जादा मॅग्नेशियम बाहेर पडत नाही आणि ते जिवावर बेतू शकतं. शिवाय नुसत्या मॅग्नेशियमने झिजलेलं हाड भरून येत नाही. त्याच्या जोडीला कॅल्शियम, कोवळं ऊन, चालणं आणि अंगमेहनत लागतेच. किरकोळ पडूनही हाड मोडलं असेल, पाठीला बाक येत असेल किंवा उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात जाऊन हाडांची तपासणी करून घ्यावी.