ओबडधोबड लघुग्रहाची प्रदक्षिणा

पृथ्वी सूर्याभोवती फिरते आणि चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, हे आता प्राथमिक शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. ही सारी मंडळी गोल आहेत. पण आपल्या सूर्यमालेत असे लाखो खडक आहेत की ज्यांना गोल म्हणता यायचे नाही. कोणी रताळ्यासारखा, कोणी भुईमुगाच्या शेंगेसारखा, तर कोणी नुसता दगडगोट्यांचा ढीग. यांना लघुग्रह म्हणतात. अशा वेड्यावाकड्या खडकाभोवती एखादे यान फिरवायचे झाले, तर ते कसे फिरवायचे? हा प्रश्न सोडवायला माणसाला तीनशे वर्षांहून अधिक काळ लागला. त्याचीच हकीकत आज सांगायची आहे.

आरंभ न्यूटनपासून करू. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात न्यूटनने एक मोठी सोय करून ठेवली. सगळीकडून सारख्या घडणीचा गोल असेल, तर त्याची बाहेरच्या वस्तूवरची ओढ अशी असते, की जणू त्याचे सगळे वजन मधल्या एका बिंदूत साठवले आहे. केवढी सोय झाली पाहा! पृथ्वीवर डोंगर किती, दऱ्या किती, हा हिशेब चंद्राची वाट काढताना करायला नको. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. विषुववृत्तावरचा तिचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरने जास्त भरतो. पण एवढ्या थोरल्या गोलात हा फरक थोडाच. पुढे अठराव्या शतकात लजांद्र आणि लाप्लास या फ्रेंच गणितज्ञांनी अशा चपटेपणाचाही हिशेब करणारी सूत्रे बसवली.

मग लघुग्रहांचेच असे का? कारण साधे आहे. थोरल्या ग्रहाचे स्वतःचेच वजन इतके, की उंचवटे दाबले जाऊन तो गोल होतो. लहान खडकाचे वजन तेवढे नसते. दगडाचा टणकपणा वरचढ ठरतो आणि ज्या आकारात तुकडा पडला, त्याच आकारात तो राहतो.

१८९८ साली बर्लिनमध्ये गुस्ताव विट यांनी एरॉस नावाचा लघुग्रह शोधून काढला. बहुतेक लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये फिरतात, पण हा पठ्ठ्या मंगळाची वाट ओलांडून पृथ्वीच्या बराच जवळ येतो. १९०१ साली फोन ऑपोल्झर यांच्या ध्यानात आले, की याचा उजेड सारखा कमीजास्त होतो. शिक्षकबंधूंना हे वर्गात सहज दाखवता येईल. खोली अंधारी करा, एक दिवा ठेवा, आणि एक लांबट रताळे दोऱ्याला आडवे टांगून दिव्यासमोर सावकाश फिरवा. आडवी बाजू समोर आली की पुष्कळ उजळ भाग दिसतो, टोक समोर आले की थोडा. एका फेरीत दोनदा उजळ, दोनदा मंद. एरॉसचे नेमके असेच होत होते. याचा अर्थ तो लांबट आहे आणि गिरक्या घेतो आहे. त्याची एक गिरकी सुमारे सव्वापाच तासांची. १९३१ साली तो पृथ्वीपासून सुमारे २ कोटी ६० लाख किलोमीटरांवर आला, तेव्हा जोहान्सबर्गच्या निरीक्षकांना दुर्बिणीतून त्याचा लांबटपणा डोळ्यांनीच दिसला.

आकार कळला. पण याच्या ओढीचा हिशेब कसा मांडायचा? जुनी सूत्रे खडकाला वेढणाऱ्या काल्पनिक गोलाच्या बाहेर चालतात. त्या गोलाच्या आत, खडकाच्या कुशीशी गेले की त्यांचा भरवसा नाही. १९८९ साली कॅस्टालिया नावाच्या लघुग्रहावर अरेसिबोच्या प्रचंड दुर्बिणीतून रडारच्या लहरी सोडण्यात आल्या. परत आलेल्या लहरींवरून तो दोन दाण्यांच्या शेंगेसारखा निघाला. पुढच्या दशकात वर्नर आणि शीअर्स या अमेरिकन संशोधकांनी त्याच्यावर एक नवा हिशेब लावून पाहिला. हिऱ्याला पैलू असतात, तसा सारा लघुग्रह लहान लहान त्रिकोणी पैलूंचा आहे असे धरायचे आणि प्रत्येक पैलूचा वाटा काढून बेरीज करायची. काम किचकट, पण गणकयंत्राला त्याचा कंटाळा नाही.

या हिशेबांतून एक मोलाची गोष्ट कळली. खडक गिरक्या घेत असतो, त्यामुळे त्याची लांब टोके यानाखालून सरकत असतात. यान त्याच दिशेने फिरत असेल, तर टोक पुष्कळ वेळ त्याच्या सोबतीला राहते आणि पुन्हा पुन्हा एकाच तालावर ओढत राहते. झोक्याला लयीत ढकलले की तो चढतच जातो ना? तसेच यानाचे होते. त्याची वाट बिघडत जाते, आणि ते खडकावर तरी आपटते किंवा दूर तरी भिरकावले जाते. तेच यान गिरकीच्या उलट दिशेने फिरवले तर? मग टोके भराभर खालून निघून जातात. एक पुढे ओढते, दुसरे मागे, आणि पुष्कळशी वजावाट होते. म्हणून जवळून फिरायचे तर उलट्या दिशेने फिरणे सुरक्षित.

तरीही एक पेच उरलाच. ओढ नेमकी किती, हे ठाऊक नसताना जवळ जाणे धोक्याचे. आणि जवळ गेल्याशिवाय ओढ नेमकी कळत नाही. आता करावे काय?

अमेरिकेने १९९६ च्या फेब्रुवारीत निअर नावाचे यान एरॉसकडे पाठवले. १९९८ च्या २० डिसेंबरला त्याचे मुख्य इंजिन पेटवले आणि ते लगेच बंद पडले. यान गडबडले, सत्तावीस तास त्याचा आवाज नाही! पुन्हा संपर्क जुळला, पण वेळ निघून गेली होती. तीन दिवसांनी ते एरॉसपासून सुमारे ३,८०० किलोमीटरांवरून पुढे निघून गेले. मात्र जाता जाता त्याने छायाचित्रे घेतली आणि एरॉसचा आकार, गिरकी आणि वजन यांचा पहिला अंदाज हाती आला. हुकलेली भेटही अशी कामी आली.

२००० च्या १४ फेब्रुवारीला यान पुन्हा तिथे पोहोचले. या वेळी कोणी घाई केली नाही. पहिली प्रदक्षिणा साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपासची. आगगाडी जवळ येताना तिच्या शिटीचा सूर चढा लागतो आणि दूर जाताना उतरतो. यानाच्या रेडिओलहरींतला असाच सूक्ष्म फरक मोजून एरॉस त्याला किती ओढतो हे काढले. आकडा सुधारला की थोडे जवळ. पुन्हा मोजणी, पुन्हा थोडे जवळ. दोनशे, शंभर, एप्रिलअखेर पन्नास आणि जुलैत पस्तीस किलोमीटर, हे अंतर एरॉसच्या मध्यापासूनचे. पेच सुटला तो असा, पायरीपायरीने.

पन्नास किलोमीटरांवर यानाचा वेग किती होता म्हणाल? सेकंदाला सुमारे तीन मीटर. सायकलवरून सावकाश जाणाऱ्या टपालवाल्याइतका! एरॉस ३४ किलोमीटर लांब आणि ११ किलोमीटर जाड असला, तरी त्याची ओढ फारच थोडी. आपल्याकडचे क्विंटलभर ज्वारीचे पोते तिथे जास्तीत जास्त पाच तोळ्यांच्या आसपास भरेल. २००१ च्या १२ फेब्रुवारीला हे यान एरॉसवर अलगद टेकले. उतरण्यासाठी ते बांधलेलेच नव्हते, तरी तेथून ते २८ फेब्रुवारीपर्यंत बोलत राहिले.

एवढ्या खटाटोपाने मिळाले काय? आकारावरून काढलेली ओढ आणि प्रत्यक्ष मोजलेली ओढ जवळजवळ जुळली. म्हणजे एरॉस आतून बराचसा एकसारखा आहे. त्याची घनता पाण्याच्या २.६७ पट निघाली. कुठेही खणून न पाहता खडकाच्या पोटातले असे कळले.

पुढचे खडक आणखी लहान होते. जपानचे हायाबुसा यान २००५ साली इटोकावाला गेले. त्याची लांबी अर्ध्या किलोमीटरहून थोडीच जास्त. त्याने पृष्ठभागावर उतरवण्यासाठी एक चिमुकले यंत्र सोडले. पण त्या क्षणी यान वर चढत होते. तेवढाच वेग यंत्राला पुरला आणि ते खाली न पडता अवकाशात निघून गेले. पुढे २०१८ च्या ३१ डिसेंबरला अमेरिकेचे ओसायरिस-रेक्स यान बेनू या जेमतेम अर्ध्या किलोमीटरच्या लघुग्रहाभोवती फिरू लागले, ते सेकंदाला अवघ्या पाच सेंटिमीटर वेगाने. तिथे उन्हाचा दाबसुद्धा हिशेबात धरावा लागला. बेनूची घनता पाण्याहून थोडीच जास्त भरली. म्हणजे तो अखंड खडक नाही, आत पोकळ्या असलेला दगडांचा ढीग आहे.

हे ज्ञान नुसत्या कुतूहलापुरते नाही. एखादा लघुग्रह पृथ्वीच्या वाटेवर येत असेल, तर त्याला धक्का देऊन बाजूला सारता येईल काय? २०२२ च्या २६ सप्टेंबरला डार्ट नावाचे यान डायमॉर्फस या लहानग्या खडकावर मुद्दाम आदळवण्यात आले. डिडिमॉस नावाच्या मोठ्या खडकाभोवतीची त्याची फेरी आधी ११ तास ५५ मिनिटांची होती, ती अर्ध्या तासाहून अधिकने कमी झाली. त्या खडकापासून पृथ्वीला काही भय नव्हते. पण उद्या खरी वेळ आली, तर समोरचा दगड अखंड आहे की भुसभुशीत ढीग, हे आधी कळले पाहिजे. कारण एकच धक्का दोघांना सारखा लागू पडणार नाही.

न्यूटनच्या नियमात या सगळ्यामुळे काही फरक पडलेला नाही. गोलाची सोय तेवढी सोडावी लागली, आणि तिच्या जागी कण न् कण मोजण्याची चिकाटी धरावी लागली.