हळदीचीं पेवें, घाटांतील जकात व तुलनात्मक लाभाचा सिद्धांत

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें जमविण्याचा जो उद्योग गेल्या सव्वाशे वर्षांत महाराष्ट्रांत झाला, त्यांत सातारा व सांगली या भागांचा वाटा मोठा आहे. राजवाडे यांनीं १८९८ सालीं आपला पहिला खंड प्रसिद्ध केला तो वाईकडील कागदांच्या बळावर. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तरावर आपलें आयुष्य वेंचलें. सातारच्या पारसनीसांचा संग्रह तर सर्वांस ठाऊकच आहे. परंतु या सर्व शोधाचा रोंख मुख्यत्वें राजकारणाकडे होता. वाण्याउदम्यांच्या चोपड्या, अडत्यांच्या खतावण्या, जकातीचे हिशेब व बैलभाड्याच्या यादी हातीं आल्या तरी त्या ‘किरकोळ’ म्हणून निराळ्या बांधल्या गेल्या. हा किरकोळ कागद किती मोलाचा आहे, हें दाखविण्याकरितां आम्ही येथें अर्थशास्त्रांतील एक जुना सिद्धांत घेऊन तो कृष्णाकांठीं लावून पाहणार आहों.

हा सिद्धांत डेव्हिड रिकार्डो या इंग्रज ग्रंथकारानें १८१७ सालीं मांडला. त्याच्या पुढच्याच वर्षीं पेशवाई बुडाली व सातारची गादी इंग्रजांच्या छायेखालीं आली. रिकार्डोचें उदाहरण असें: इंग्लंडांत कांहीं ठराविक कापड निर्माण करण्यास वर्षभर १०० माणसांचे श्रम लागतात व ठराविक द्राक्षासव करण्यास १२० माणसांचे, पोर्तुगालांत त्याच कापडास ९० व त्याच आसवास ८० माणसें पुरतात. म्हणजे पोर्तुगाल दोन्ही कामांत वरचढ. तथापि पोर्तुगालानें आसव करावें, इंग्लंडानें कापड विणावें व दोघांनीं अदलाबदल करावी, यांतच दोघांचाहि फायदा आहे, असें रिकार्डो म्हणतो. कोण अधिक कुशल हा प्रश्न नसून, कोणाचें कौशल्य कोणत्या कामांत तुलनेनें अधिक हा प्रश्न होय. यालाच तुलनात्मक लाभ म्हणतात.

परदेशचें हें उदाहरण बाजूस ठेवून आपण सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस येऊं. घाटावरून गूळ, हळद, मिरची व तंबाखू खालीं जावी आणि कोंकणांतून मीठ, नारळ, सुकी मासळी व भात वर यावें, हा क्रम जुना आहे. कऱ्हाडाहून कुंभार्ली घाटानें चिपळुणास व वाईकडून पारघाटानें महाडास तांडे उतरत. मिठाची गोष्ट सोपी आहे. तें देशावर होतच नाहीं. परंतु भात देशावरहि होतें, मग तें खालून कां यावें?

केवळ समजुतीकरितां असें धरूं कीं, देशावर भाताच्या एका गोणीस १० दिवसांचे श्रम पडतात व गुळाच्या एका ढेपेस ५ दिवसांचे. कोंकणांत भाताच्या गोणीस १२ व गुळाच्या ढेपेस १२. हे आंकडे आमच्या कल्पनेचे आहेत, कोणत्याहि कागदांतील नव्हेत. येथें देशावरचा कुणबी दोन्ही कामांत सरस आहे. तरी देशावर एका गोणीची किंमत दोन ढेपा आहे व कोंकणांत एकच ढेप. म्हणून जर गोणीस दीड ढेप असा भाव पडला, तर देशावरच्या माणसास साडेसात दिवसांच्या श्रमांत भाताची गोणी मिळते, जी एरवीं १० दिवसांनीं मिळाली असती. उलट कोंकणच्या माणसास १२ दिवसांत दीड ढेप मिळते, जिला त्यास १८ दिवस खपावें लागलें असतें. दोघेहि सुधारले.

मजुरीचाहि उलगडा यांतच होतो. वरील भावानें देशावरच्या ५ दिवसांच्या श्रमाचें मोल कोंकणच्या ८ दिवसांच्या श्रमाइतकें ठरतें. म्हणजे व्यापार सुरू झाला म्हणून मजुरी दोन्हीकडे सारखी होत नाहीं. जेथें श्रमाचें फळ अधिक तेथें ती अधिकच राहते. ‘खालच्या प्रांतीं मजूर स्वस्त, म्हणून त्यांचा माल आम्हांस बुडवील’ अशी जी ओरड सर्व देशांत सर्व काळीं ऐकूं येते, तिचें उत्तर एवढेंच कीं, मजूर स्वस्त आहे तो त्याच्या श्रमाचें फळ थोडें आहे म्हणूनच.

आतां भाव दीड ढेपच कां पडावा? एक ते दोन ढेपांच्या दरम्यान तो कोठेंहि पडूं शकेल. याचा निर्णय रिकार्डोनें केला नाहीं. तो जॉन स्टुअर्ट मिल यानें केला: उभय पक्षांस एकमेकांच्या मालाची गरज किती, यावर भाव ठरतो, ज्याची गरज अधिक निकडीची, त्याच्या पदरांत लाभ थोडा. मिलचा मोठा ग्रंथ १८४८ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं शहाजीमहाराज वारले व सातारचें राज्य खालसा करण्याचें ठरलें. मिल स्वतः त्या वेळीं लंडनास कंपनी सरकारच्या कचेरींत नोकरीस होता. पुढच्याच सालीं लोकहितवादींचें ‘लक्ष्मीज्ञान’ निघालें व अर्थशास्त्राचा विषय मराठी वाचकांपुढें आला.

वरील उदाहरणांत घाट आम्ही जमेस धरला नाहीं, आणि इतिहासाच्या दृष्टीनें खरी गोष्ट तीच आहे. दोन्ही बाजूंच्या भावांत अंतर एका ढेपेचें आहे. वंजाऱ्याचें बैलभाडें, चौकीचौकीची जकात, पावसाळ्यांत बंद पडणारी वाट व नाण्यांचा बट्टा हें सर्व मिळून एका ढेपेहून अधिक झालें कीं व्यापार थांबला. सिद्धांत खोटा पडला असें नव्हे. लाभ वाटेंतच खर्ची पडला. मुंबई इलाख्यांतील अंतर्गत जकाती १८३८ सालीं उठल्या, पण संस्थानांच्या हद्दी राहिल्या. आणि कृष्णा-वारणेच्या खोऱ्यांत सातारा, सांगली, मिरज, औंध, कोल्हापूर यांच्या हद्दी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. पुढें १८८० नंतरच्या दशकांत पुण्याहून कऱ्हाड-मिरजेकडे आगगाडी आली, तेव्हां व्यापाराचें तोंडच फिरलें. चिपळूणकडे उतरणारा माल लोखंडी रस्त्यानें मुंबईकडे जाऊं लागला.

सांगलीची हळद हें या फिरण्याचें उत्तम उदाहरण होय. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजकरांपासून विभक्त होऊन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सांगलीस राहिले व तेथें पेठ वाढली. हळद उकडून, वाळवून, झिलई देऊन सांठवावी लागते. सांगलीजवळ हरिपुरास कृष्णा व वारणा यांच्या संगमालगतची जमीन अशी आहे कीं, तींत खोदलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षें कीड न लागतां टिकते. यामुळें व्यापाऱ्यास भाव पडतांच विकण्याची सक्ती राहिली नाहीं. पेव म्हणजे मिलच्या भाषेंत गरजेची निकड कमी करण्याचें साधन होय. मागाहून जवळच्या शेतकऱ्यांनीं पुष्कळ जमीन ऊंस व द्राक्षें यांकडे वळविली, आणि दूरदूरच्या जिल्ह्यांची व परप्रांतांची हळद सांगलीच्या बाजारांत येऊं लागली. म्हणजे या गांवाचा तुलनात्मक लाभ पिकविण्यांतून सांठवण्यांत व विकण्यांत गेला. सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें तें ही कीर्ति ध्यानांत घेऊनच वाचावें.

या सिद्धांताच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. रिकार्डो असें गृहीत धरतो कीं, एका धंद्यांतून सुटलेला माणूस त्याच देशांतील दुसऱ्या धंद्यांत सहज शिरतो. विलायती सूत आलें तेव्हां घरोघरची सूतकताई बसली. परंतु चात्यावरची बाई दुसऱ्या कोणत्या धंद्यांत गेली? देशास स्वस्त कापड मिळालें हें खरें, पण लाभ एकाचा व हानि दुसऱ्याची झाली. हा भेद पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनीं मान्य केला. हेक्शरनें १९१९ सालीं व ओहलिननें १९३३ सालीं असें दाखविलें कीं, ज्या देशांत जें साधन विपुल, त्याचा माल तो देश बाहेर धाडतो. आणि स्टोल्पर व सॅम्युएलसन यांनीं १९४१ सालीं सिद्ध केलें कीं, अशा व्यापारानें विपुल साधनाचा धनी वर येतो व दुर्मिळ साधनाचा धनी खालीं जातो.

आपल्याकडे ही शंका त्याच्या फार आधीं निघाली होती. मूळचे सातारचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, ते १८७७ च्या दिल्ली दरबारास खादी नेसून गेले. रानड्यांनीं १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत व्याख्यान देऊन सांगितलें कीं, विलायती अर्थशास्त्राचे सिद्धांत देशकालपरिस्थिति पाहूनच लावले पाहिजेत. हिंदुस्थानास केवळ कच्चा माल पिकविणारा देश ठरवून ठेवणें योग्य नव्हे. त्यांच्या म्हणण्याचा पडताळा औंध संस्थानांत आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कुंडलच्या माळावर कारखाना घातला व लोखंडी नांगर केले. आज जो तुलनात्मक लाभ नाहीं तो शिकून उद्यां मिळवितां येतो, हें त्यांनीं दाखविलें. पहिल्या महायुद्धांत बिडाचा तुटवडा पडला तेव्हां कोल्हापूर दरबारच्या जुन्या तोफा त्यांस ओतकामासाठीं मिळाल्या, असें सांगतात. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंच्या शोधकांस ही कथा ऐकून हर्ष व्हावा कीं खेद, हें सांगणें कठीण आहे.

दुसरी मर्यादा माणसांच्या स्थलांतराची. सिद्धांतांत माल हिंडतो, मजूर घरीं राहतो. साताऱ्यांत उलट घडलें. जावळी-पाटणच्या डोंगराळ भागांतील माणसें मुंबईस गिरण्यांत व गोदींत गेलीं; ज्या माथाडी कामगारांसाठीं १९६९ सालीं कायदा झाला, त्यांत साताऱ्याचीं माणसें पुष्कळ होतीं. जमिनीचें फळ थोडें, तेव्हां या भागानें आपले श्रमच बाहेर धाडले, आणि मनिऑर्डर हा त्याच्या आयातीचा मोबदला झाला.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. सातारा-सांगलीस व्यापारानें कोण तरला व कोण बुडाला, याचा निवाडा तर्कानें होणार नाहीं. त्यास भाव पाहिजेत. आणि सुटे भाव नव्हेत, तर सापेक्ष भाव. अमुक सालीं गूळ अमुक रुपये होता, एवढ्यानें कांहींच कळत नाहीं; त्याच महिन्यांत, त्याच पेठेंत, त्याच शेरानें भात, मीठ व कापड काय भावानें होतें आणि मजुरास रोज काय पडत होता, हें एकत्र पाहिजे. रुपया अंकुशी कीं चांदवडी, शेर कच्चा कीं पक्का, मण किती शेरांचा, हें न तपासतां केलेली तुलना फसवी होय. मजुरी धान्यांत मोजली तरच श्रमाचें खरें मोल दिसतें. राजकारणी पत्रांत छावणीची धारण कधींमधीं येते, पण ती युद्धाच्या टंचाईची धारण असते. शांततेच्या काळचा भाव रोजकीर्दींतच मिळावयाचा.

गाडगीळद्वयांनीं वाई तालुक्यांतील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी करून ती १९४० सालीं गोखले संस्थेतर्फे प्रसिद्ध केली. तिच्याशीं ताडून पाहण्यास शंभर वर्षांपूर्वींचे तसेच आंकडे निघाले, तर या सिद्धांताची कसोटी आपल्याच भूमींत लागेल. ते आंकडे सरकारी दप्तरांत थोडे व घरांच्या माळ्यांवर पुष्कळ असावेत, असें आम्हांस वाटतें.

मात्र वेळ थोडा आहे. २००५ च्या महापुरांत हरिपुरचीं पेवें मोठ्या प्रमाणांत नष्ट झालीं व २०१९ सालीं पुन्हां सांगलीच्या घरांत व दुकानांत पाणी शिरलें. पेवांबरोबर कोणाच्या चोपड्या वाहून गेल्या, याची मोजदाद कोणीं केली नाहीं. संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, वाड्यांतील रुमाल सोडतांना मोर्तबाचा कागद जसा जपून उचलितां, तसाच हिशेबाचाहि उचलावा. त्याचें गांव, साल, नाणें व माप लिहून ठेवावें. आणि एकाच घराच्या वह्या एकमेकींपासून तोडूं नयेत. एका पानावरून भाव कळतो. सबंध चोपडीवरून माणसें कशीं जगलीं तें कळतें.